‘संस्थात्मक’ या एका शब्दाची पार्श्वभूमी : एल्थमचा खून, पोलीस आणि अठरा वर्षांनी उभा राहिलेला खटला

लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात ३ जानेवारी २०१२ रोजी ज्यूरीने पस्तिशीतल्या दोन गोऱ्या पुरुषांना स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या खुनाबद्दल दोषी ठरवले, तेव्हा त्या ज्यूरीपुढचा प्रश्न अतिशय मर्यादित होता. एका जाकिटाच्या कॉलरवरचा जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचा रक्ताचा डाग, कपड्यांचे काही सूक्ष्म धागे आणि केसाचा एक बारीकसा तुकडा १९९३ सालच्या त्या रात्रीच आरोपींच्या कपड्यांवर आला होता, की पोलिसांच्या कोठारात पुरावे वर्षानुवर्षे एकत्र ठेवले गेल्यामुळे नंतर मिसळला होता, एवढेच तिला ठरवायचे होते. आरोपींच्या मनातला वंशद्वेष न्यायालयात दाखवला गेला, त्यांचे गुप्त चित्रीकरणही दाखवले गेले; परंतु पोलिसांच्या मनात काय होते, हा त्या खटल्याचा विषय नव्हता. तरीही हा खटला घटनेनंतर अठरा वर्षांनी का उभा राहिला, या प्रश्नाचे उत्तर पोलिसांकडे पाहिल्याशिवाय मिळत नाही. त्या उत्तराला १९९९ साली ‘संस्थात्मक वंशवाद’ हे जे नाव दिले गेले, त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

घटनेचा तपशील बहुतेकांना ठाऊक आहे. २२ एप्रिल १९९३ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास आग्नेय लंडनमधील एल्थम येथे वेल हॉल रोडवर बसची वाट पाहणाऱ्या दोन कृष्णवर्णीय तरुणांवर पाचसहा गोऱ्या तरुणांच्या टोळक्याने धाव घेतली आणि वंशवाचक शिवी देत त्यांतील एकाला, म्हणजे स्टीफनला, भोसकले. तो अठरा वर्षांचा होता आणि त्याला वास्तुविशारद व्हायचे होते. जखमी अवस्थेत तो शंभराहून अधिक मीटर धावला आणि मग कोसळला. त्याचा मित्र वाचला. पुढच्या सगळ्या कथेत या मित्राचे स्थान मध्यवर्ती आहे, पण त्याच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. स्टीफनच्या आईवडिलांचा लढा जगभर पोहोचला आणि ते योग्यच झाले. परंतु पोलिसांचा पूर्वग्रह न्यायालयाच्या आत नेमका कोणत्या वाटेने शिरला, हे शोधायचे असेल, तर ती वाट या मित्राच्या साक्षीतून जाते.

प्रथम तपासाचे पहिले पंधरवडे पाहू. संशयितांची नावे पोलिसांना मिळाली नाहीत, असे झाले नाही. दुसऱ्याच दिवशी टेलिफोनच्या खोक्यात ठेवलेल्या एका निनावी पत्रात नावे होती आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत वेगवेगळ्या लोकांनी येऊन तीच नावे पुन्हा पुन्हा सांगितली. तरी पहिली अटक ७ मे रोजी झाली. मधल्या काळात संशयितांच्या घरांवर छायाचित्रकार नेमून पाळत ठेवण्यात आली, पण काळ्या पिशवीत काहीतरी भरून ते घराबाहेर नेले जात असल्याचे दिसल्यावर काय करायचे, याच्या सूचना त्याच्याजवळ नव्हत्या आणि कळवायला मोबाइल फोनही नव्हता. कपडे आणि सुरे पंधरा दिवस संशयितांच्याच ताब्यात राहिले. या विलंबाचे कारण पुढे चौकशीत निघाले ते थक्क करणारे होते. अटकेसाठी वाजवी संशय पुरेसा असतो, पुरावा आधी हातात असावा लागत नाही, ही कायद्याची प्राथमिक बाब तपासाची धुरा वाहणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्याला नीट माहीत नव्हती. त्याने तसे स्वतःच सांगितले. ६ मे रोजी लंडनमध्ये असलेल्या नेल्सन मंडेलांनी कुटुंबाची भेट घेतली आणि दुसऱ्या दिवशी अटकसत्र सुरू झाले. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नव्हता, असे पोलिसांचे म्हणणे होते. वाचकाने आपला निष्कर्ष काढावा.

हा निव्वळ हलगर्जीपणा होता, असे म्हणता येईल, आणि वर्षानुवर्षे तसेच म्हटले गेले. परंतु हलगर्जीपणाला दिशा नसते. इथे ती होती. घटनास्थळी पोहोचलेल्या पोलिसांनी रक्तबंबाळ तरुणाच्या जखमा नीट पाहून प्रथमोपचार केले नाहीत, आणि त्याच्या मित्राला त्यांनी विचारलेल्या प्रश्नांचा रोख हल्लेखोर कोण होते याकडे कमी आणि ‘तुमची मारामारी कशावरून झाली’ याकडे अधिक होता. नुकताच मित्राचा खून पाहिलेला अठरा वर्षांचा मुलगा चिडलेला आणि सैरभैर होता. त्याची नोंद आक्रमक, असहकार करणारा तरुण अशी झाली. गोऱ्या मुलाच्या बाबतीत याच वागण्याची नोंद ‘धक्क्यात असलेला साक्षीदार’ अशी झाली असती की नाही, हा प्रश्न या प्रकरणाच्या सार्वजनिक चौकशीच्या १९९९ च्या अहवालाने स्पष्टपणे विचारला, आणि काळ्या तरुणाबद्दलच्या साचेबंद समजुतीतून त्याच्याकडे पाहिले गेले, असा निष्कर्ष काढला. हा हल्ला केवळ वंशद्वेषातून झाला, हे तपासातील काही पोलिसांनी शेवटपर्यंत मान्य केले नाही. स्टीफनच्या आईने अधिकाऱ्याच्या हाती संशयितांच्या नावांचा कागद दिला, तेव्हा तो बोलता बोलता त्या कागदाची बारीक घडी घालत राहिला, असे तिने सांगितले.

ज्याला साक्षीदार म्हणून जपायला हवे होते, त्याला पोलिसांनी संशयिताच्या जवळ नेऊन ठेवले. त्या मे महिन्यात जवळच्याच वेलिंग येथे वंशद्वेषी पक्षाविरुद्ध निघालेल्या मोर्चातील प्रकरणावरून काही महिन्यांनी त्याच्यावरच आरोप ठेवण्यात आले. ते पुढे न्यायाधीशाने चालू दिले नाहीत. त्याहून गंभीर गोष्ट ओळख परेडीनंतर घडली. त्याला सोबत करणाऱ्या एका पोलिसाने निवेदन दिले की, चेहरे आपल्याला नीट दिसले नव्हते आणि संशयितांविषयी आपल्याला मित्रांकडून कळले होते, असे त्या मुलाने खासगीत कबूल केले. मुलाने हे संभाषण असे झालेच नाही म्हणून सांगितले. परंतु एकदा कागदावर आलेले ते निवेदन नाहीसे होणार नव्हते. जुलै १९९३ मध्ये ओळखीचा पुरावा अपुरा असल्याचे कारण देऊन सरकारी अभियोग विभागाने तोवर आरोप ठेवलेल्या दोघा संशयितांवरील आरोप मागे घेतले.

त्यानंतर कुटुंबाने खासगी फिर्याद दाखल केली. इंग्लंडमध्ये खुनाच्या बाबतीत असे क्वचित घडते आणि या निर्णयावर तेव्हाही मतभेद होते. एप्रिल १९९६ मध्ये संशयितांपैकी तिघांवरचा खटला ओल्ड बेलीत उभा राहिला आणि काही दिवसांतच कोसळला. मित्राच्या ओळखीवर विसंबणे सुरक्षित नाही, असा निर्णय न्यायाधीशांनी दिला आणि ज्यूरीला आरोपींना निर्दोष ठरवण्याचा आदेश दिला. कायद्याच्या दृष्टीने तो निर्णय चुकीचा नव्हता. पण त्या पुराव्याला दुबळे कोणी केले, हा प्रश्न न्यायालयाच्या कक्षेबाहेर राहिला. शिवाय एकदा निर्दोष ठरलेल्या माणसावर त्याच गुन्ह्यासाठी दुसऱ्यांदा खटला भरता येत नाही, या शेकडो वर्षांच्या नियमामुळे त्या तिघांसाठी दार कायमचे बंद झाले, असेच सर्वांना वाटले. फेब्रुवारी १९९७ मध्ये कोरोनरच्या, म्हणजे मृत्यूचे कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या, न्यायालयातील ज्यूरीने हा पाच गोऱ्या तरुणांनी केलेला, कोणतीही चिथावणी नसताना झालेला वंशद्वेषी खून असल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी एका दैनिकाने पाच जणांची छायाचित्रे छापून पहिल्या पानावर त्यांना खुनी म्हटले आणि खोटे असेल तर आमच्यावर खटला भरा, असे आव्हान दिले. कोणीही खटला भरला नाही.

याच्या मागचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. मे १९५९ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागात अँटिग्वाहून आलेल्या एका सुताराला गोऱ्या तरुणांनी भोसकून मारले, तेव्हाही पोलिसांचा कल हेतू चोरीचा असावा, वंशाचा नसावा, असे सांगण्याकडे होता आणि त्या खुनात कोणालाही शिक्षा झाली नाही. सत्तरच्या दशकात लंडनमध्ये भारतीय आणि बांगलादेशी तरुणांचे खून झाले. खुद्द एल्थममध्ये जुलै १९९२ मध्ये, म्हणजे या घटनेच्या नऊ महिने आधी, भारतीय वंशाच्या एका शाळकरी मुलाला भोसकून मारण्यात आले होते. एल्थमचा खून अचानक घडला नव्हता, एवढेच यातून लक्षात घ्यायचे.

आता त्या शब्दाकडे वळू. इंग्रजीतील या संज्ञेसाठी मराठी वृत्तपत्रे कधी ‘संस्थात्मक वंशवाद’, कधी ‘संस्थागत वर्णद्वेष’ असे लिहितात आणि दोन्हींत अडचण आहे. ‘वर्ण’ म्हटले की आपल्या मनात चातुर्वर्ण्य उभे राहते. ‘द्वेष’ म्हटले की जाणून-बुजून केलेले वैर आले. आणि ‘संस्था’ म्हटले की शिक्षणसंस्था किंवा सहकारी संस्था डोळ्यांपुढे येते, जिचा ठराव असतो, घटना असते, पदाधिकारी असतात. त्यामुळे मराठी वाचकाला सहजच वाटते की, पोलीस दलाने काळ्या लोकांविरुद्ध ठराव केला असल्याचा हा आरोप आहे. नेमका हाच अर्थ लंडनच्या पोलीस आयुक्तांनाही वाटला होता, म्हणजे दोष केवळ भाषांतराचा नाही.

ही संज्ञा १९६७ साली अमेरिकेतील दोन कृष्णवर्णीय लेखकांच्या पुस्तकातून प्रचारात आली. त्यांनी दिलेले उदाहरण असे होते : गोरे दहशतवादी अमेरिकेतल्या बर्मिंगहॅम शहरातील चर्चमध्ये बाँब फोडून काळ्या मुलांना मारतात, तो व्यक्तींचा वंशवाद, पण त्याच शहरात अन्न, निवारा आणि वैद्यकीय सोयी नसल्यामुळे दरवर्षी पाचशे काळी अर्भके मरतात, तो संस्थात्मक वंशवाद. पहिल्याचा धिक्कार समाज करतो, दुसरा कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. म्हणजे मूळ कल्पनेतच ‘कोणी केले’ हा प्रश्न मागे होता आणि ‘काय होते’ हा पुढे.

ब्रिटनमध्ये ही संज्ञा अधिकृत कागदावर आली ती नाकारली जाण्यासाठीच. एप्रिल १९८१ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागात दंगल झाली. तिच्या आधी साध्या वेशातील पोलिसांनी काही दिवसांत त्याच भागातील नऊशेहून अधिक लोकांना रस्त्यात थांबवून झडत्या घेतल्या होत्या. त्या वेळच्या न्यायिक चौकशीच्या अहवालाने काही पोलिसांचे वर्तन पूर्वग्रहदूषित असल्याचे मान्य केले, परंतु जाणीवपूर्वक आणि धोरण म्हणून काळ्या लोकांविरुद्ध भेदभाव करणारा समाज, असा अर्थ घेऊन, ब्रिटनमध्ये संस्थात्मक वंशवाद नाही, असे सांगितले. तोच अहवाल पुढे असेही म्हणतो की, नकळत भेदभाव करणाऱ्या प्रथा असतील, तर तो आरोप गांभीर्याने घ्यायला हवा. हे दुसरे वाक्य अठरा वर्षे कोणी वाचले नाही. पहिले वाक्य मात्र पोलीस दलांनी प्रमाणपत्रासारखे भिंतीवर लावले, असे म्हणणे फारसे अन्यायाचे होणार नाही. डिसेंबर १९९७ मध्ये पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठीच्या यंत्रणेने एल्थम तपासातील उणिवांची मोठी यादी दिली आणि तरीही वंशवादी वर्तनाचा पुरावा आढळला नाही, असा शेरा मारला, तो याच जुन्या अर्थाच्या आधारावर. शिवी सापडली नाही, म्हणजे वंशवाद सापडला नाही, असा तो हिशेब होता.

निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालील सार्वजनिक चौकशीपुढे १ ऑक्टोबर १९९८ रोजी लंडनचे आयुक्त आले, तेव्हा त्यांनी पूर्वग्रह, साचेबंद विचार आणि भेदभाव दलात असल्याचे मान्य केले, पण तो शब्द मान्य केला नाही. त्यांचा युक्तिवाद होता की, सामान्य माणूस आणि सामान्य पोलीस या शब्दाचा रूढ अर्थच घेईल. बहुसंख्य शिपाई रोज सकाळी वंशद्वेष मनात धरून घराबाहेर पडतात, असे त्याला वाटेल आणि ते खोटे आहे. याच सुमारास मँचेस्टर परिसराच्या पोलीस प्रमुखांनी तो शब्द आपल्या दलापुरता मान्य केला आणि जग बुडाले नाही.

२४ फेब्रुवारी १९९९ रोजी प्रसिद्ध झालेल्या अहवालाने मग स्वतःची व्याख्या केली. लोकांचा रंग, संस्कृती किंवा वांशिक मूळ यांमुळे त्यांना योग्य आणि व्यावसायिक सेवा देण्यात एखाद्या संघटनेला सामूहिकपणे आलेले अपयश, असा तिचा गाभा आहे. हे अपयश कार्यपद्धतीत, दृष्टिकोनात आणि वागणुकीत दिसते, आणि नकळत असलेला पूर्वग्रह, अज्ञान, अविचार व साचेबंद समजुती यांमधून अल्पसंख्याकांचे नुकसान करणारा भेदभाव होतो, असे तिच्यात पुढे म्हटले आहे. या व्याख्येत ‘सामूहिक’ आणि ‘नकळत’ हे दोन शब्द सर्वांत जड आहेत. १९८१ ची व्याख्या ‘जाणीवपूर्वक’ या शब्दावर उभी होती; १९९९ ची नेमकी त्याच्या उलट शब्दावर. त्यामुळे दोन्ही अहवाल एकाच संज्ञेविषयी बोलत आहेत असे वाटले, तरी ते वेगवेगळ्या वस्तूंविषयी बोलत होते. सगळे पोलीस वंशवादी आहेत असे आम्ही म्हणत नाही, हे अहवालाने स्वच्छ लिहिले. व्यावसायिक अकार्यक्षमता, संस्थात्मक वंशवाद आणि वरिष्ठांच्या नेतृत्वाचे अपयश, या तिन्हींनी मिळून तपास बिघडवला, असा त्याचा निष्कर्ष होता. या तिघांतले मधलेच लोकांच्या लक्षात राहिले.

या व्याख्येवरील टीकेचे दोन प्रवाह आहेत. त्यांतील एक नेहमी ऐकू येतो : शब्द ढोबळ आहे, तो सिद्ध करता येत नाही आणि खोडताही येत नाही, त्यामुळे झडती घेताना पोलिसांचा हात आखडतो. दुसरा प्रवाह कमी ऐकू येतो आणि प्रस्तुत लेखकाला तो अधिक वजनदार वाटतो. दोष सर्वांचा ठरला, की तो कोणा एकाचा राहत नाही. अहवालानंतर शिस्तभंगाची कारवाई पूर्ण झाली ती फक्त एका निरीक्षकावर. दोन आरोपांत तो कर्तव्यात कसूर केल्याबद्दल दोषी ठरला आणि ताकिदीवर सुटला. बाकीचे संबंधित वरिष्ठ तोवर निवृत्त झाले होते. अहवालाने भ्रष्टाचाराचा संशयही तपासला आणि तो सिद्ध होत नसल्याचे सांगून बाजूला ठेवला. मार्च २०१४ मध्ये एका स्वतंत्र फेरपरीक्षणाने, तपासातील एका अधिकाऱ्याच्या भ्रष्टाचाराचा संशय घेण्यास सबळ कारण होते, असे म्हटले. एवढेच नव्हे, तर चौकशी चालू असताना कुटुंबाच्या पाठीराख्यांच्या वर्तुळात पोलिसांचा गुप्तहेर होता आणि त्याने मिळवलेली माहिती दलाची बाजू तयार करणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत पोहोचली, हेही उघड केले. पाळत ठेवणे ‘नकळत’ घडत नाही. ती माहिती १९९८ मध्ये समोर असती, तर व्याख्येत तो शब्द आला असता का, हा विचार टाळता येत नाही.

तरीही त्या अहवालाने कायदा हलवला. त्याने एकूण ७० शिफारशी केल्या. पीडिताला किंवा अन्य कोणालाही जी घटना वंशद्वेषी वाटते, ती तशी नोंदवली जावी, ही त्यांतली सर्वांत चर्चिली गेलेली. ती तपासाची सुरुवात ठरवते, निकाल नव्हे, हे विसरून तिच्यावर अनेकांनी टीका केली. २००० सालच्या दुरुस्ती कायद्याने वंशभेदविरोधी कायद्याच्या कक्षेत पोलीस पूर्णपणे आले. ३८ व्या शिफारशीत नवा आणि भक्कम पुरावा पुढे आल्यास निर्दोष ठरलेल्या व्यक्तीवर पुन्हा खटला भरू देण्याचा विचार व्हावा, असे सुचवले होते. २००३ च्या फौजदारी न्याय कायद्याने गंभीर गुन्ह्यांपुरता तो अपवाद निर्माण केला आणि एप्रिल २००५ पासून तो लागू झाला. नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्यांपैकी अनेकांना हा बदल पसंत नव्हता, कारण तो नियम सत्तेविरुद्ध दुबळ्याचे संरक्षण करतो. त्यांचे म्हणणे आजही खोडून काढता येत नाही.

२००६ नंतरच्या फेरतपासात खासगी प्रयोगशाळेने जुने कपडे पुन्हा तपासले आणि आरंभी सांगितलेला डाग सापडला. १९९६ मध्ये निर्दोष ठरलेल्या तिघांपैकी एकाची सुटका अपील न्यायालयाने मे २०११ मध्ये रद्द केली. २०१२ मध्ये दोषी ठरलेल्या दुसऱ्या आरोपीवरचा आरोप १९९६ च्या खटल्यापर्यंत पोहोचलाच नव्हता, त्यामुळे त्याच्यासाठी या परवानगीची गरज पडली नाही. नोव्हेंबरमध्ये सुरू झालेल्या खटल्यात बचाव पक्षाने सगळा भर पुराव्याच्या हाताळणीवर दिला. १९९३ मधील पोलिसांच्या ढिसाळपणाचा फायदा २०११ मध्ये आरोपींना मिळू शकला असता, हे त्या खटल्यातले खरे नाट्य होते. गुन्ह्याच्या वेळी दोघेही अठरा वर्षांखालील असल्यामुळे जन्मठेपेतील किमान मुदत एकाला १५ वर्षे २ महिने आणि दुसऱ्याला १४ वर्षे ३ महिने अशी ठरली. प्रत्यक्ष सुरा कोणी चालवला, हे सिद्ध करण्याची गरज नव्हती. हल्ल्यातील सहभाग पुरेसा होता.

शब्दाचा वाद मात्र पुढे चालू राहिला. मार्च २०२१ मध्ये सरकारने नेमलेल्या आयोगाने ही संज्ञा फार सैलपणे वापरली जाते, असे मत दिले. मार्च २०२३ मध्ये लंडन पोलिसांवरील स्वतंत्र परीक्षणाने दल संस्थात्मकदृष्ट्या वंशवादी, स्त्रीद्वेष्टे आणि समलिंगीद्वेष्टे असल्याचे म्हटले. नव्या आयुक्तांनी निष्कर्ष स्वीकारले, पण ‘संस्थात्मक’ हे विशेषण संदिग्ध आणि राजकीय आहे, म्हणून आपण वापरणार नाही, असे सांगितले. १९९८ चेच उत्तर पंचवीस वर्षांनी, आणि तेही १९९९ ची व्याख्या दलाने एकदा स्वीकारल्यानंतर. त्याच वर्षी मे महिन्यात स्कॉटलंडच्या आणि जूनमध्ये इंग्लंडमधील एव्हन व सॉमरसेटच्या पोलीस प्रमुखांनी तो शब्द आपापल्या दलाला लावून घेतला.

लंडनच्या पोलिसांनी एल्थमचा तपास ऑगस्ट २०२० मध्ये निष्क्रिय घोषित केला होता. जून २०२३ मध्ये एका प्रसारण संस्थेने सहाव्या संशयिताचे नाव जाहीर केले. तो २०२१ मध्येच मरण पावला होता. हल्ल्याच्या वेळी आपण हजर होतो असे त्याने कबूल केल्याची माहिती त्याच्या एका नातेवाइकाकडून १९९३ मध्येच पोलिसांपर्यंत आली होती, पण पोलीस चौकशीला गेले ते भलत्याच माणसाकडे. या सहाव्या माणसाचे केस फिक्या रंगाचे होते. मुख्य पाच संशयितांपैकी कोणाशीही न जुळणारे, फिक्या केसांच्या हल्लेखोराचे वर्णन त्या रात्री वाचलेल्या मित्राने पोलिसांना तेव्हाच दिले होते.